कॉफीच्या पल्पचे खत: यंत्रामागच्या ओल्या ढिगापासून मातीपर्यंत

कॉफीची फळे सोलायला सुरुवात झाली की पल्पिंग यंत्राच्या मागे लालसर सालींचा ढीग तासागणिक वाढत जातो. पहिल्या दिवशी त्याला पिकलेल्या फळाचा गोडसर वास येतो, दुसऱ्या दिवशी त्यावर चिलटे आणि माश्या जमतात आणि तिसऱ्या दिवशी आंबट, नाकाला झोंबणारा वास सुटून ढिगाच्या बुडातून काळपट पाणी पाझरू लागते. हंगामात दररोज नवा माल येत असल्यामुळे या ढिगाकडे पाहायला कोणालाच सवड नसते, आणि नेमक्या याच दोन-तीन दिवसांत त्या पल्पचे, म्हणजे साल आणि गराचे, खत होणार की नुसती घाण होणार हे ठरून जाते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा पहिल्या काही दिवसांच्या कामाला दिली आहे. पुढची कामे त्या मानाने सोपी आहेत.

ओल्या पद्धतीने, म्हणजे फळे ओली असतानाच सोलून, प्रक्रिया केली तर १०० किलो पिकलेल्या फळांतून साधारण २० किलोच्या आसपास हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी मिळते आणि ४० किलोहून अधिक ओला पल्प निघतो. उरलेल्या वजनात बियांवरचा चिकट थर, पार्चमेंट म्हणजे बीवरचे कडक टरफल आणि पाणी यांचा वाटा असतो. थोडक्यात, विकायच्या मालाच्या दुप्पट वजनाचा पल्प हातात उरतो, आणि तो मातीला परत देण्याइतका कसदार असतो, पण निघाला तसा नव्हे.

कोणता अवशेष कशासाठी

कॉफीचा कचरा हा शब्द सर्रास वापरला जातो, परंतु त्यातील प्रत्येक पदार्थाचा स्वभाव वेगळा असल्याने सगळे एकाच ढिगात ओतण्यापूर्वी त्यांची ओळख करून घ्यावी.

ओला पल्प म्हणजे फळाची साल आणि तिला चिकटलेला गर. त्यात ७५ ते ८५ टक्के पाणी असते. सुक्या वजनावर पाहिले तर त्यात सुमारे दीड ते अडीच टक्के नत्र (नायट्रोजन), दोन ते चार टक्के पालाश (पोटॅशियम) आणि अगदी थोडे, म्हणजे ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या आसपास स्फुरद (फॉस्फरस) असते. त्याचबरोबर एक टक्क्याच्या आसपास कॅफिन, शिवाय टॅनिन आणि क्लोरोजेनिक आम्ल ही द्रव्येही असतात. फळाचे कीटकांपासून आणि बुरशीपासून रक्षण करणारी ही द्रव्ये मातीत गेल्यावरही आपला गुण सोडत नाहीत. ती बियांची उगवण रोखतात, कोवळी मुळे खुरटवतात आणि गांडुळांनाही दूर ठेवतात. ताज्या पल्पचा सामू (pH; ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) ४ ते ४.५ च्या घरात असतो.

कोरड्या पद्धतीत फळे सालीसकट वाळवून मग भरडली जातात. तेथे साल, गर, चिकट थर आणि टरफल एकत्र वाळलेल्या भुशाच्या रूपात मिळतात. हा भुसा साठवायला सोपा असला तरी पाणी सहज शोषत नाही. वरून पाणी मारले की ते ओघळून जाते आणि आतला भुसा कोरडाच राहतो. त्यामुळे ढीग रचण्यापूर्वी तो रात्रभर भिजवून घ्यावा लागतो.

पार्चमेंट हे जवळजवळ लाकडासारखे असते. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, भरपूर आणि नत्र नाममात्र, त्यामुळे एकट्याने ते वर्षभरातही धड कुजत नाही. परंतु ते कोरडे, हलके आणि ताठ असल्याने ओल्या पल्पच्या ढिगात हवा खेळती ठेवायला त्याच्यासारखा पदार्थ नाही. अनेक ठिकाणी ते वाळवणीच्या भट्टीत इंधन म्हणून जाते. त्यातला निदान एक हिस्सा खताच्या ढिगासाठी राखून ठेवावा असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. जे खत म्हणून लवकर कामी येणार नाही, त्याचा मर्यादित हवेत जाळून कोळसा करावा. असा बायोचार कंपोस्टमध्ये मिसळला की पाझरणारी अन्नद्रव्ये धरून ठेवतो.

भाजताना निघणारी चंदेरी साल पापुद्र्यासारखी हलकी असते आणि थोड्या प्रमाणात कोणत्याही ढिगात खपून जाते. कॉफी गाळल्यावर उरणारा चोथा हा खरे तर प्रक्रियेचा नव्हे, वापराचा अवशेष. त्याविषयी एवढेच नोंदवतो की मेलबर्न येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न कुजवलेला चोथा थेट मातीत मिसळल्यावर ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशा चाचणीतील रोपांची वाढ स्पष्टपणे घटली होती. चोथ्याचे जर असे, तर कॅफिन अजून धुऊन न गेलेल्या ताज्या पल्पबद्दल वेगळे सांगायला नको.

कच्चा पल्प थेट का टाकू नये, आणि कोठे टाकता येतो

कच्च्या पल्पची ताकद किती असते याचे बोलके उदाहरण कोस्टा रिकामध्ये सापडते. तेथे २०१८ मध्ये संशोधकांनी चराईने निकृष्ट झालेल्या ३५ मीटर बाय ४० मीटरच्या जमिनीवर ३० ट्रक कॉफीचा पल्प पसरला. सुमारे अर्धा मीटर जाडीच्या त्या थराखाली चराऊ गवत गुदमरून मेले, मग थर कुजून मातीत मिसळला आणि वाऱ्याने व पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून झाडे उगवली. दोन वर्षांनी त्या तुकड्याच्या ८० टक्के भागावर झाडांची सावली होती, तर शेजारच्या, पल्प न टाकलेल्या तुकड्यात ती केवळ २० टक्के होती.

हे उदाहरण लोक पल्पच्या सुपीकतेसाठी सांगतात आणि ते खरेही आहे. पण शेतकऱ्याने त्यातला पहिला टप्पाही तितक्याच लक्षपूर्वक पाहावा. त्या थराने आधी खालचे सगळे गवत मारले. पडीक जमिनीवर जंगल उभे करायचे असेल, उतार नसेल, जवळ ओढा किंवा विहीर नसेल आणि दोन वर्षे थांबायची तयारी असेल, तर हा मार्ग आहे. उभ्या पिकाच्या मुळाशी मात्र तोच पल्प उष्णता, आम्ल आणि प्राणवायूचा अभाव अशा तिहेरी माराने मुळे जाळतो. रोपांच्या खड्ड्यात ताजा पल्प भरण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण खड्ड्यातली हवा आधीच कमी असते.

पहिली पायरी: निथळणे

पल्प यंत्रातून निघाल्यावर तो पाण्याच्या पाटातून वाहून नेला जात असेल तर शक्य तेथे ही पद्धत बदलून कोरड्या वहनाने, म्हणजे घसरणीने किंवा पट्ट्याने न्यावा. पाण्यात वाहताना पल्पमधील साखर आणि पालाशचा मोठा भाग विरघळून जातो. आपण खत पातळ करतो आणि पाणी बिघडवतो, असे दोन्हीकडून नुकसान होते.

नंतर उतार दिलेल्या फरशीवर किंवा जाड प्लास्टिकवर पल्प ३० सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीत पसरून एक-दोन दिवस निथळू द्यावा आणि दिवसातून एकदा दाताळ्याने हलवावा. हे काम बिनमहत्त्वाचे वाटते, पण त्याचा हिशेब एकदा मांडून पाहिला की पटते.

१,००० किलो ताजा पल्प घेतला आणि त्यात ८० टक्के पाणी धरले, तर कोरडा ऐवज २०० किलो. त्यात ४५ टक्के कर्ब (कार्बन) म्हणजे ९० किलो आणि २ टक्के नत्र म्हणजे ४ किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर २२.५ आले. आता त्यात १०० किलो पार्चमेंट किंवा गवताचा सुका काड मिसळला, त्यात १० टक्के पाणी, आणि कोरड्या वजनावर ४२ टक्के कर्ब व अर्धा टक्का नत्र धरला, तर एकूण कर्ब १२८ किलोच्या आसपास आणि नत्र साधारण ४.४५ किलो होते. गुणोत्तर २९ च्या जवळ गेले, म्हणजे कागदावर मिश्रण उत्तम. परंतु पाणी पाहा: ११०० किलोच्या ढिगात ८१० किलो पाणी, म्हणजे जवळपास ७४ टक्के. असा ढीग कुजत नाही, सडतो. हाच पल्प आधी ७० टक्के ओलाव्यापर्यंत निथळून व वारा देऊन सुकवला असता तर त्याचे वजन ६६७ किलो झाले असते आणि तेवढाच काड मिसळल्यावर ओलावा ६२ टक्क्यांवर आला असता. तोच माल आणि तेवढाच काड असूनही एका ढिगातून खत मिळते आणि दुसऱ्यातून दुर्गंधी. ज्यांच्याकडे सुके साहित्य तुटपुंजे आहे त्यांनी निथळण्यावरच भर द्यावा.

पसरायला जागा नसेल आणि पाऊस असेल, तर निथळण्याऐवजी सुके साहित्य दुप्पट करण्याला पर्याय नाही. मात्र तसे केल्यास कुजण्याचा काळ लांबतो.

दुसरी पायरी: जागा आणि तळ

ढिगाची जागा विहीर, ओढा किंवा तळ्यापासून दूर आणि पाणी साचणार नाही अशी असावी. बुडाशी पाझर गोळा करणारी छोटी चर आणि तिच्या टोकाला खड्डा किंवा पिंप ठेवावे. पावसाळी भागात वर साधे छप्पर असणे हे चैनीचे नव्हे, गरजेचे आहे. ते नसेल तर प्लास्टिकचा कागद ढिगाला चिकटवून न टाकता काठ्यांवर ताणून टाकावा, म्हणजे वाफ बाजूने निघून जाईल.

तळाला २० सेंटीमीटर जाडीत छाटणीच्या फांद्या आणि जाड काटक्या आडव्यातिडव्या रचाव्यात. ढीग तापला की आतली गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. फांद्यांचा थर हा त्या हवेचा दरवाजा असतो. तो चेपला गेला तर दर पलटणीला, म्हणजे ढीग उलथताना, पुन्हा उभा करावा.

तिसरी पायरी: ढीग रचणे

निथळलेल्या पल्पचे सहा-सात घमेले, सुक्या साहित्याचे चार-पाच घमेले आणि जुन्या पिकलेल्या कंपोस्टचे किंवा ताज्या शेणाचे एक घमेले, असे आकारमानाने प्रमाण धरून थर द्यावेत. वजनाने पाहिल्यास सुके साहित्य फार थोडे असते, पण ते हलके असल्याने घमेली जास्त लागतात; वजन आणि आकारमान यांची गल्लत येथे नेहमी होते. थर १५ सेंटीमीटरहून जाड ठेवू नयेत आणि शेवटी फावड्याने एकदा सगळे उभे-आडवे कालवून घ्यावे. चित्रातल्यासारखे सुबक थर दिसायला छान असतात. पल्पचा सलग थर मात्र बंद खोलीसारखा असतो, त्यात हवा शिरत नाही.

जीवाणूंची बाजारी पाकिटे वापरावीत का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. माझे मत असे की चांगल्या जुन्या कंपोस्टच्या दोन टोपल्यांत कॅफिन आणि टॅनिन फोडणाऱ्या बुरशी व जीवाणू पुरेसे असतात, आणि ज्या ढिगात हवा नाही तेथे पाकिटातले जीवाणूही गुदमरतात. पहिल्याच वर्षी जुने कंपोस्ट नसेल तर शेणकाला वापरावा.

पल्पमधली खरी उणीव स्फुरदाची आहे. ती भरून काढायला दर टन ताज्या पल्पमागे २० ते २५ किलो रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची पूड) थरांत भुरभुरावे. सुरुवातीच्या दिवसांतील आम्लामुळे त्यातला काही भाग विरघळून वनस्पतींना घेता येण्याजोगा होतो. याच कारणाने त्याच ढिगात चुना टाकू नये. चुना आम्ल मारतो, मग रॉक फॉस्फेट तसेच पडून राहते, आणि ढीग तापल्यावर वाढलेल्या सामूमुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. लाकडाची राखही येथे गैरलागू आहे, कारण ती मुख्यतः चुना आणि पालाशच देते, आणि पल्पमध्ये पालाश आधीच ओसंडून असते. आंबटपणाची चिंता करू नये; हवा मिळाली की सेंद्रिय आम्ले जीवाणूच खाऊन टाकतात आणि सामू आपोआप चढतो.

तयार ढीग बुडाशी दीड ते दोन मीटर रुंद आणि एक ते दीड मीटर उंच असावा. लांबी हवी तेवढी. यापेक्षा लहान ढीग तापत नाही आणि यापेक्षा उंच ढीग स्वतःच्या वजनाने दबून आतून चिखल होतो. ओलावा तपासायला आतून मूठभर मिश्रण घेऊन घट्ट दाबावे. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब चमकले तर योग्य; धार लागली तर जास्त; मूठ उघडताच गोळा फुटून भुरभुरला तर पाणी कमी.

चौथी पायरी: तापमान आणि पलटणी

चांगला रचलेला ढीग दोन ते चार दिवसांत ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. लांब दांड्याचा तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी आणि आतले टोक मुठीत धरून पाहावे. ते सहज धरवत असेल तर ढीग पुरेसा तापलेला नाही. क्षणभरात सोडून द्यावे लागले तर काम ठीक चालले आहे.

ही उष्णता केवळ कुजण्याच्या वेगासाठी नव्हे. पल्पमध्ये न सोललेली, पोखरलेली फळे थोडीफार असतातच, आणि त्यांत फळ पोखरणारा बारीक काळा भुंगेरा जिवंत असतो. थंड ढिगातून तो सरळ बागेत परततो. शेणातील रोगजंतू आणि तणांचे बीही या उष्णतेनेच मरते. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांत उघड्या लांब ढिगांसाठी ५५ ते ७७ अंश सेल्सिअस तापमान १५ दिवस टिकावे आणि त्या काळात किमान पाच वेळा ढीग पलटावा, अशी अट आहे; आपल्या ढिगात प्राण्यांची विष्ठा मिसळली असो वा नसो, हे माप डोळ्यांपुढे ठेवलेले चांगले. मात्र ७० अंशांच्या वर गेल्यास उपयुक्त जीवाणूही मरू लागतात, तेव्हा लगेच पलटावे.

पल्प लवकर दबतो, म्हणून पहिली पलटणी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीच करावी. त्यानंतर पहिल्या पंधरवड्यात दर तीन-चार दिवसांनी, पुढचा महिनाभर आठवड्यातून एकदा आणि मग पंधरा दिवसांनी एकदा पलटणे पुरते. पलटताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर जाईल याची काळजी घ्यावी, नाहीतर पोखरलेली फळे कडेलाच राहून वाचतात. माश्यांच्या अळ्याही याच थंड बाहेरच्या थरात वाढतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पलटणीनंतर ढिगावर पाच सेंटीमीटर जाड सुक्या पानांचे किंवा पिकलेल्या कंपोस्टचे पांघरूण घालावे.

वास हा येथे सर्वांत भरवशाचा सल्लागार आहे. आंबट किंवा कुजक्या लोण्यासारखा वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त आहे असे समजून सुके साहित्य घालून पलटावे. डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास आला तर नत्र उडते आहे. अशा वेळी पार्चमेंट, लाकडाचा भुसा किंवा सुकी पाने मिसळावीत. ढीग तापतच नसेल तर बहुधा तो लहान, अति ओला किंवा अगदी कोरडा असतो, आणि मुठीची चाचणी कोणते ते सांगते. पांढरट राखेसारखी पावडर आत दिसली तर ढीग तापून कोरडा पडला आहे. पलटतानाच पाणी शिंपडावे. बुडाशी गोळा झालेला पाझर त्या वेळी पाण्याऐवजी वापरावा. तो पाझर झाडांना घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण सुरुवातीचा पाझर आम्लधर्मी असतो आणि त्यात ती सगळी उगवण रोखणारी द्रव्ये विरघळून आलेली असतात.

नियमित पलटलेला ढीग तीन ते चार महिन्यांत तयार होतो, पार्चमेंट जास्त असल्यास पाच-सहा महिने लागतात. न पलटता सोडलेल्या ढिगाचेही खत होते, पण आठ महिने ते वर्ष लागते आणि मधला गाभा पुष्कळदा काळा, चिकट आणि आंबटच निघतो. या काळात ढिगाचे आकारमान निम्म्याहून कमी होते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचे दोन ढीग नंतर एकत्र करता येतात. ते करताना वयाची सरमिसळ करू नये: जुन्या ढिगावर रोज ताजा पल्प ओतत राहिल्यास तो कधीच पिकत नाही, आणि हीच चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. दर आठवड्याच्या मालाचा स्वतंत्र ढीग लावून त्यावर तारखेची पाटी खोचावी.

गांडूळखत करायचे असल्यास

ताजा पल्प गांडुळांना घालू नये. तो तापतो, आंबट असतो आणि कॅफिनमुळे ती पळ काढतात किंवा मरतात. वरीलप्रमाणे दोन-तीन आठवडे उष्ण कुजवण करून, माल थंड झाल्यावर आणि आंबट वास पूर्ण गेल्यावर आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या जातींची गांडुळे सोडावीत. आधी एका कोपऱ्यात मूठभर गांडुळे सोडून दुसऱ्या दिवशी पाहावे. ती मालात शिरली असतील तर बाकीची सोडायला हरकत नाही, कडेला गुंडाळी करून बसली असतील तर आणखी आठवडाभर थांबावे. वाफ्यात माल २० सेंटीमीटरपेक्षा जाड घातला तर तो पुन्हा तापतो.

पाचवी पायरी: पिकले की नाही

रंग काळा-तपकिरी झाला, सालीचा आकार ओळखू येईनासा झाला, पावसानंतरच्या मातीसारखा वास येऊ लागला आणि पलटूनही ढीग पुन्हा तापला नाही, तर खत झाले असे म्हणण्याचा प्रघात आहे. कॉफीच्या पल्पबाबत एवढ्यावर समाधान मानू नये, कारण काळा रंग त्याला टॅनिनमुळे पहिल्या काही दिवसांतच येतो. उगवणीची चाचणी करावी. तिला खर्च जवळजवळ नाही.

एक भाग खत आणि पाच भाग पाणी ढवळून तासभर ठेवावे आणि फडक्यातून गाळावे. दोन उथळ ताटल्यांत टिपकागद घालून एकीत हा अर्क व दुसरीत साधे पाणी, कागद नुसता भिजेल इतके घालावे आणि प्रत्येकीत हळिवाचे किंवा मुळ्याचे २० बी मांडावे. झाकून उबदार, अंधाऱ्या जागी तीन दिवस ठेवावे. समजा, पाण्यात १९ बी उगवले आणि मुळांची सरासरी लांबी ३० मिलिमीटर भरली. अर्कात १७ उगवले आणि लांबी २४ मिलिमीटर भरली. १७ भागिले १९ म्हणजे ०.८९ आणि २४ भागिले ३० म्हणजे ०.८०, यांचा गुणाकार सुमारे ०.७२, म्हणजे ७२ टक्के. हा आकडा ८० च्या वर जाईपर्यंत खत रोपवाटिकेत वापरू नये. ७२ चे खत मोठ्या झाडांना चालेल, पण माझ्या मते आणखी दोन-तीन आठवडे थांबणे शहाणपणाचे. वरच्या उदाहरणात उगवण फारशी घटलेली नाही, घटली आहे ती मुळाची लांबी. म्हणून नुसते कोंब मोजून चाचणी संपवू नये, पट्टी लावून मुळे मोजावीतच.

सहावी पायरी: मातीत घालणे

कॉफीपासूनचे खत म्हणजे आम्लधर्मी खत, ही समजूत इतकी पक्की आहे की लोक ते आम्लप्रिय झाडांना मुद्दाम घालतात. पल्पचे पिकलेले कंपोस्ट भरपूर पालाशमुळे प्रत्यक्षात बहुधा विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, सामू ८ च्या पुढे गेलेले असते. त्यामुळे आम्लधर्मी जमिनीत ते दुहेरी उपयोगी पडते, तर चुनखडीयुक्त जमिनीत जपून वापरावे लागते. वापरण्याआधी खताचा सामू आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) प्रयोगशाळेत एकदा पाहून घ्यावी.

मात्रा ठरवताना नत्राकडे नव्हे, पालाशाकडे पाहावे. चौरस मीटरला एक किलो, म्हणजे हेक्टरी १० टन खत घातले आणि त्यात ४० टक्के ओलावा धरला, तर कोरडा ऐवज ६ टन. त्यात २ टक्के नत्र म्हणजे १२० किलो, परंतु त्यातला थोडाच भाग पहिल्या वर्षी पिकाला मिळतो. ३ टक्के पालाश, मूलद्रव्याच्या हिशेबाने, १८० किलो होते आणि ते जवळजवळ सगळे लगेच उपलब्ध असते. हाच डोस दरवर्षी दिला तर पालाश साठत जाऊन झाडाला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम घेणे अवघड होते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणे ही त्याची पहिली खूण. म्हणून पाच ते दहा टनांची मर्यादा पाळावी, माती परीक्षणात पालाश आधीच भरपूर दिसल्यास ती निम्म्यावर आणावी, आणि नत्राची उरलेली गरज शेंगवर्गीय हिरवळीच्या खताने भागवावी.

फळझाडांना आणि कॉफीच्या झाडांना खत बुंध्याशी न घालता फांद्यांच्या घेराखाली, झाडाच्या आकारानुसार दोन ते पाच किलो पसरावे, वरच्या पाच-सात सेंटीमीटर मातीत हलके मिसळावे आणि पानांनी झाकावे. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. भाजीच्या वाफ्यात लागवडीपूर्वी दोन आठवडे वाफशावर मिसळावे. कुंडीत किंवा रोपांच्या पिशवीत आकारमानाने पाचवा हिस्सा पुरे. क्षार जास्त निघाले असतील तर दहावा हिस्साच घालावा.

कोरड्या प्रक्रियेचा भुसा कुजवायला सवड नसेल तर तो पाच ते आठ सेंटीमीटर जाडीत मोठ्या झाडांखाली आच्छादन म्हणून घालता येतो. मात्र तो मातीत कालवू नये, नाहीतर कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो, आणि पेरलेल्या वाफ्यांवर तर मुळीच टाकू नये.

प्रक्रियेचे सांडपाणी

बियांवरचा चिकट थर धुतलेले पाणी हा स्वतंत्र विषय आहे. त्याचा सामू ४ च्या आसपास असतो, त्यातील साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि असे पाणी ओढ्यात सोडल्यास मासे मरतात. शेतात तसेच सोडल्यास मातीची छिद्रे बुजतात. ढीग कोरडा पडला असेल तेव्हा थोडे पाणी त्यावर शिंपडता येते. बाकीचे निवळण टाकी, बायोगॅस किंवा शुद्धीकरण तळ्यातून गेल्यावरच सिंचनाला घ्यावे.

पल्प दुसऱ्याकडून आणत असाल तर

बागेत ताम्रयुक्त बुरशीनाशके किती वर्षे फवारली जात आहेत हे विचारून घ्यावे. तांबे कुजत नाही. ढीग आकसतो तसे ते उरलेल्या खतात अधिक दाट होते आणि दरवर्षी मातीत भर घालत राहते. पहिल्या ढिगाचे खत तयार झाल्यावर त्यातील तांब्याची एकदा तपासणी करावी, आणि सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या शेतात बाहेरचा पल्प आणण्याआधी प्रमाणीकरण संस्थेकडून लेखी परवानगी घ्यावी. गाडी भरताना हात घालून पाहावे: माल आतून गरम आणि मऊ असेल तर तो चालू आठवड्यातला आहे; थंड, काळा आणि घसरडा असेल तर तो हवेविना सडत पडलेला आहे. असा पल्प घ्यावाच लागला तर तो आधी पातळ पसरून तीन-चार दिवस वारा द्यावा, आंबट वास जाऊ द्यावा आणि मगच सुके साहित्य मिसळून ढीग लावावा.

पहिल्या वर्षी सगळ्या शेतात न घालता एका पिकाच्या दोन सारख्या ओळी निवडाव्यात, एका ओळीला हे खत द्यावे, दुसरीला नेहमीचे, आणि दोन्ही ओळींखालच्या मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब व पालाश लागवडीपूर्वी आणि काढणीनंतर तपासून वहीत मांडावे. दुसऱ्या वर्षीची मात्रा त्या वहीवरूनच ठरवावी.